चालू विषयावर चर्चा घ्यायचीय? आधी वहीत तीन रकाने पाडा

जानेवारी २०२४ पासून आम्ही काही जण दर रविवारी सकाळी आठला नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर जमतो आणि चालू घडामोडींपैकी एकाच विषयावर दीड तास बोलतो. आता ओळखीतले बरेच जण विचारतात की आमच्या सोसायटीत, आमच्या सिडकोत, आमच्या पिंपळगावात असं काही सुरू करायचं तर कसं करायचं, भांडणं होत नाहीत का, राजकारण मध्ये येत नाही का. भांडणं होतात. राजकारण येणारच, विषयच तो आहे. तरीपण लोक पुढच्या रविवारी परत येतात आणि येताना काहीतरी वाचून येतात, ते कसं जमलं हे सविस्तर लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

नाशिककरांना ऐकायची सवय जुनी आहे. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते, सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे, वक्त्याला ऐकून मनात घोळवत घरी जाणं आपल्याला छान जमतं. पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं मत आपल्याला अजिबात पटत नाही आणि तरी त्याच्याशी तासभर नीट बोलायचं, ही सवय आपल्याला कुणी लावलेली नाही. शाळेत वादविवाद स्पर्धा असायच्या, त्यात अनुकूल बाजू, प्रतिकूल बाजू आणि शेवटी ढाल. ढाल घरी न्यायची तर समोरच्याला हरवावं लागतं. गच्चीवर समोरचा हरला तर पुढच्या रविवारी तो येतच नाही, आणि मग आपण सगळे एकाच मताचे उरतो, ती चर्चा राहत नाही, आरती होते.

माणसं आठ ते बारा ठेवा. पंधराच्या वर गेले की चार जण बोलतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. सगळे एकाच ऑफिसातले किंवा एकाच वयाचे नकोत. आमच्यात ओझरहून येणारे काका आहेत, ते एचएएलमधून, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यातून, रिटायर झालेत, निफाडकडचा एक दादा आहे ज्याचा कांदा आणि द्राक्ष दोन्ही आहे, मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या ताई आहेत, कॉलेजला जाणारी एक पोरगी आहे, एक सातपूरला नोकरी करणारा आहे, अजून चार-पाच जण आलटून पालटून असतात. चहा आधी, मिसळ नंतर. मिसळ आधी ठेवली की लोक जड होतात आणि चर्चा पंधरा मिनिटांत आटपते, हा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट. एक दोनशे पानी वही घ्या, समोरासमोरच्या दोन पानांवर उभे तीन रकाने पाडा, आणि वर लिहा: झालंय, होईल, व्हावं. चर्चेत जे काही वाक्य कुणी बोलेल ते यातल्या कुठल्या रकान्यात जातं हे विचारायचं आणि तिथे लिहायचं. एवढंच. ऐकायला पोरकट वाटतं, मलापण पहिल्यांदा वाटलं होतं. पण आमची जवळजवळ सगळी भांडणं तपासली तर लक्षात आलं की एक जण झालंयमधलं बोलत असतो आणि दुसरा व्हावंमधलं, आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांना उत्तर देतोय. झालंय म्हणजे जे तपासता येतं, कागद काढून दाखवता येतो, तिथे मत चालत नाही. होईल म्हणजे अंदाज, तिथे फक्त "तुला असं का वाटतं, आधी कुठे असं झालं होतं का" एवढंच विचारता येतं. आणि व्हावं म्हणजे आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं, तिथे पुरावा मागून उपयोग नसतो, तिथे समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं.

पण रकाने भरायच्या आधी वरती एका ओळीत प्रश्न लिहायचा, आणि तो प्रश्न सगळ्यांनी मोठ्याने वाचायचा. हे आम्ही एका फसलेल्या रविवारी शिकलो.

२०२५ मध्ये कॉलेजच्या पोरीने विषय सुचवला, फेस्टिवलमध्ये ड्रग टेस्टिंग असावं का. तिने ऑस्ट्रेलियातल्या बातम्या वाचल्या होत्या. विषय चांगला होता, सगळे तयारीने आले. पाऊण तास बोलणं झालं आणि आवाज वाढत गेले. गंमत म्हणजे काका आणि पोरगी दोघंही टेस्टिंगच्या बाजूने होते, आणि तेच दोघं एकमेकांवर सगळ्यात जास्त चिडत होते. काका म्हणत होते टेस्टिंग गेटवरच झालं पाहिजे, एकालाही सोडायचं नाही. पोरगी म्हणत होती अहो सोडायचं नाही म्हणजे काय, मग टेस्टिंगला येईल कोण. शेवटी मेडिकलवाल्या ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, काका, टेस्ट कशाची करायची म्हणताय तुम्ही? काका म्हणाले, पोरांची, लघवीची. पोरगी म्हणाली, नाही हो काका, गोळीची.

पाऊण तास दोन वेगवेगळ्या विषयांवर एकच चर्चा चालू होती. दोन्ही महत्त्वाचे विषय आहेत पण ते एक नाहीत. लघवीची टेस्ट माणसाला पकडण्यासाठी असते. गोळीची टेस्ट ही माणसाने स्वतःहून आपल्याजवळची गोळी आणून द्यायची, लॅबवाले ती तपासून सांगणार की यात नेमकं काय आहे, आणि शेजारी बसलेला समुपदेशक त्याच्याशी बोलणार. पहिलीत पोलीस लागतात, दुसरीत पोलीस आसपास दिसले तर कुणी येणारच नाही. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो, प्रश्न एका ओळीत लिहिला आणि पुढच्या रविवारी परत बसलो. लिहिलेली ओळ अशी होती: अमली पदार्थ बेकायदा असताना, फेस्टिवलला आलेल्या माणसाने आपल्याकडची गोळी तपासून घ्यावी अशी सोय सरकारने होऊ द्यावी का?

दुसऱ्या रविवारी झालंयचा रकाना भरता भरता निम्मा राग निघून गेला, कारण सगळ्यांना काहीतरी नवीन कळत होतं. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारी पैशाने अशी तपासणी चालते, पण ती फेस्टिवलच्या मैदानावर होत नाही, केंद्रावर नमुना द्यायचा आणि निकाल काही दिवसांनी. न्यूझीलंडने २०२१ मध्ये कायदाच केला. ऑस्ट्रेलियात पहिली सरकारमान्य चाचणी एप्रिल २०१८ मध्ये कॅनबेराच्या एका संगीत महोत्सवात झाली, २०२२ मध्ये त्याच शहरात एका जागी चालणारं केंद्र आलं. क्वीन्सलँड राज्याने २०२४ मध्ये सुरू केलं आणि सरकार बदलल्यावर २०२५ मध्ये बंद केलं, तर त्याच वर्षी शेजारच्या न्यू साउथ वेल्सने फेस्टिवलमध्ये चाचणी सुरू केली. म्हणजे एकाच देशात, एकाच वर्षी, एक राज्य बंद करतंय आणि दुसरं उघडतंय. सातपूरवाला म्हणाला मग तिकडेच ठरलेलं नाहीये तर आपण कशाला डोकं लावायचं. मला वाटतं उलट आहे, जिथे अजून ठरलेलं नाही तिथेच डोकं लावायला मजा येते.

तपासणी चालते कशी हेही ताईंनी नीट समजावलं. गोळीचा अगदी थोडा कीस घेतात, टेबलावर मावेल एवढ्या मशीनवर ठेवतात, मशीन त्यातून इन्फ्रारेड किरण टाकतं आणि प्रत्येक पदार्थ ते किरण आपल्या आपल्या पद्धतीने शोषतो, त्यावरून काही मिनिटांत कळतं की मुख्य पदार्थ कोणता. पण एखादा पदार्थ फारच थोडा मिसळला असेल, साधारण पाच टक्क्यांच्या खाली, तर या मशीनला तो दिसेलच असं नाही, आणि फेंटानिलसारखी विषारी गोष्ट तर त्याहून कितीतरी कमी असली तरी जीव घेते, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या पट्ट्या वापरतात. इथे काकांनी मान डोलावली. ते आयुष्यभर तपासणी खात्यात होते, मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. त्यांनी स्वतः वहीत लिहिलं, "मशीन पास करतं म्हणजे सुरक्षित असा अर्थ नाही." आणि पोरीने सांगितलं की तिकडचे लोकही हेच सांगतात, कुठलाही ड्रग सुरक्षित आहे असं ते कधीच म्हणत नाहीत. दोन रविवार भांडलेली ही दोन माणसं एका वाक्यावर एकत्र आली, कारण ते वाक्य झालंयच्या रकान्यात होतं.

मग होईल. इथे खरी खोली आली. न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात फेस्टिवलला गेलेली सहा तरुण मुलं ड्रग घेऊन दगावली, त्याची न्यायिक चौकशी झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या चौकशीने गोळी तपासणी सुरू करा अशी शिफारस केली. आता याच चौकशीचा आधार दोन्ही बाजू घेतात. विरोधक म्हणतात की ती मुलं भेसळीने गेली नाहीत, एमडीएमएनेच (एक्स्टसी म्हणतात ती नशा) गेली, मग मशीनने "हे एमडीएमए आहे" असंच सांगितलं असतं आणि मुलांनी निर्धास्त होऊन घेतलं असतं. बाजूने बोलणारे म्हणतात की तपासणीच्या निमित्ताने त्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जाणत्या माणसाने समोर बसवून सांगितलं असतं, की डोस किती जीवघेणा असतो आणि उन्हात नाचताना शरीराचं काय होतं. दोन्हीत दम आहे. आम्ही दोन्ही होईलमध्ये लिहिले, शेजारी शेजारी, कुणाचं खोडलं नाही.

चर्चा घेणाऱ्याने इथे एक काम नक्की करावं. प्रत्येकाला समोरच्या बाजूचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावायचं, आणि समोरच्याने "हो, हेच म्हणतोय मी" असं म्हटल्याशिवाय त्याला स्वतःचं उत्तर देऊ द्यायचं नाही. काकांना तीन वेळा सांगावं लागलं. पहिल्यांदा ते म्हणाले "हिचं म्हणणं पोरांना ड्रग घेऊ द्या", पोरगी म्हणाली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले "घेणारच आहेत तर निदान बघून घ्या", ती म्हणाली जवळ आलात. तिसऱ्यांदा म्हणाले "जो घेणारच आहे त्याच्यापर्यंत डॉक्टर पोचायला हा एकच रस्ता उरतो असं तुला वाटतं", आणि ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली हो काका, हेच. नंतर तिनेपण काकांचं म्हणणं सांगितलं, की एकदा टेबल मांडलं की ज्याच्या मनात धाकधूक होती त्याचीही भीती जाते. काका म्हणाले बरोबर.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा आहे. त्यात नुसतं सेवन हाही गुन्हा आहे, कोकेन, हेरॉइनसारख्यांना एक वर्षापर्यंत आणि बाकीच्यांना सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जवळ बाळगणं वेगळा गुन्हा, आणि वैद्यकीय किंवा शास्त्रीय कामासाठी नियमाप्रमाणे परवानगी असल्याशिवाय तपासणाऱ्यालाही तो नमुना हातात घेता येत नाही. म्हणजे उद्या इथल्या कुणी भल्या मनाने टेबल मांडलं तरी तोच आत जाईल. त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला पुढे आला तर थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि गच्चीवर तर कुणालाच माहीत नव्हतं. नाशिकला हा विषय लांबचा नाहीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी इथे शिंदे गावात एमडीच्या (मेफेड्रोन नावाच्या ड्रगच्या) कारखान्यावर धाड घातली तेव्हा आपण सगळ्यांनी त्या बातम्या वाचल्यात, गोळी परदेशातून येते आणि परदेशातच खातात असं म्हणायची सोय तेव्हाच संपली.

आणि लघवीच्या टेस्टचा वेगळा रविवार आम्ही घेतला, कारण काकांचा प्रश्नही खरा होता. त्यात ताईंनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. झटपट किट ही फक्त प्राथमिक चाळणी असते, सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनने ती चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि खसखस जास्त खाल्ली तरी अफूच्या टेस्टमध्ये दिसू शकतं. दिवाळीत अनारशांवर केवढी खसखस असते! म्हणून पक्कं ठरवायचं तर लॅबमधली दुसरी टेस्ट लागतेच. काका म्हणाले मग गेटवर शक्य नाही, आणि स्वतःच होईलमधलं स्वतःचं वाक्य दुरुस्त केलं.

अशा विषयावर बसताना काळजीची एक गोष्ट. कुणी स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा अनुभव सांगायला लागला तर रेकॉर्डिंग नाही, वहीत नाव नाही, आणि ती गोष्ट गच्चीवरून खाली जाणार नाही हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आमच्याकडे एक जण बोलता बोलता थांबले, डोळे भरले, दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्या वेळी चर्चा बाजूला ठेवायची. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी टोल फ्री हेल्पलाइन आहे, नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

परराष्ट्र धोरण म्हटलं की लोक हात वर करतात, की ते दिल्लीवाल्यांचं काम, आपल्याला काय कळतं. नाशिककराने तरी असं म्हणू नये. आपल्याकडे परराष्ट्र धोरण लासलगावच्या कांदा लिलावात उतरतं. निफाडच्या दादाने विषय आणला होता "बांगलादेशाशी आपण कसं वागावं", आणि हा प्रश्न इतका मोठा आहे की त्यावर कुणीही काहीही बोलू शकतो, म्हणून तो चालत नाही. मोठा प्रश्न आला की त्याला धरून विचारायचं, तुझं नक्की कुठे दुखतंय? दादाचं दुखणं साफ होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, जिल्ह्यात लिलाव बंद पडले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच आली. बंदी असतानाच मार्च २०२४ मध्ये सरकारने सरकारी संस्थेमार्फत बांगलादेशाला ५०,००० टन आणि अमिरातींना १४,४०० टन पाठवायची परवानगी दिली. दादा म्हणाला, माझ्या कांद्याला बंदी आणि मैत्रीच्या कांद्याला परवानगी, हे काय आहे ते मला कळायला पाहिजे.

त्यावरून प्रश्न लिहिला: देशात भाव वाढलेले असताना शेजारी देशांना थोडा कांदा देणं योग्य आहे का, आणि असेल तर तो कुणाकडून आणि कुठल्या भावाने घ्यावा? बघा, आता यावर बोलता येतं. झालंयमध्ये तारखा गेल्या. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली आणि शुल्क २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. होईलमध्ये काकांनी विचारलं की वारंवार दार बंद केलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का, आणि दादा म्हणाला जाईल नाही, ते स्वतःच लावायला लागतील, कुणी उपाशी थोडंच बसणार आहे. व्हावंमध्ये पोरीने लिहिलं की शेजाऱ्याच्या ताटातला कांदा हासुद्धा आपल्या देशाचा शब्द असतो, आणि दादाने त्याखाली लिहिलं, शब्द देशाचा आणि तोटा माझा, असं नको. मला दोघांचंही पटलं आणि अजून पटतं.

याच विषयात आम्ही कागद बघायला शिकलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी फिरली की बंदी उठली. लासलगावात भाव एकदम चढले. दादाने दोन ट्रॉल्या थांबवल्या, अजून चढेल म्हणून. दोन दिवसांत केंद्राने स्पष्ट केलं की ३१ मार्चपर्यंत बंदी कायम आहे, आणि भाव खाली आला. ती बातमी आमच्याच ग्रुपवर एकाने टाकली होती, काही वाईट हेतू नव्हता, पण दादाचं नुकसान झालं आणि ते आम्हाला सगळ्यांना लागलं. तेव्हापासून नियम आहे की आयात निर्यातीची बातमी असेल तर डीजीएफटीची (आयात निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्राच्या कार्यालयाची) अधिसूचना, नंबर आणि तारीख दिसल्याशिवाय ती झालंयमध्ये जात नाही आणि ग्रुपवरही पडत नाही. तसंच बाकीच्या विषयांचं. सरकार काय म्हणालं ते पीआयबीवर, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवर, संसदेत खासदाराच्या प्रश्नाला मंत्र्याने काय उत्तर दिलं ते संसदेच्या साइटवर, परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेत कुठला प्रश्न विचारला आणि काय उत्तर आलं ते शब्दन्‌शब्द त्यांच्या साइटवर असतं. ते वाचायला कंटाळवाणं आहे पण वीस मिनिटांचं काम आहे. आणि परराष्ट्राचा विषय असेल तर त्या दुसऱ्या देशाचं एखादं वर्तमानपत्रसुद्धा बघा, कारण आपल्याकडे जी मोठी बातमी असते ती तिकडे कधी कधी आतल्या पानावर असते, आणि त्यांच्याकडे जे पेटलेलं असतं ते आपल्याला माहीतच नसतं.

अजून एक उदाहरण देतो, लहानच आहे. रशिया युक्रेनवर बोलताना एक जण ठासून म्हणाला की युनोत भारताने रशियाच्या बाजूने मत दिलं. काका म्हणाले चूक. आवाज चढले. वही काढली, तपासलं, २ मार्च २०२२ ला आमसभेत ठरावाच्या बाजूने १४१, विरोधात ५ आणि तटस्थ ३५, भारत त्या ३५ मध्ये. दोन मिनिटं लागली. त्यानंतर तटस्थ राहणं बरोबर होतं का यावर तासभर फार चांगलं बोलणं झालं, जे आधीच्या भांडणात कधीच झालं नसतं. काकांनी मात्र बोलायला सुरुवात करताना सांगितलं, माझी सगळी नोकरी मिग आणि सुखोईवर गेलीय, रशियन ड्रॉइंग बघून माझी दृष्टी तयार झाली, तेव्हा मी कुठून बोलतोय ते लक्षात घ्या. हे मला इतकं आवडलं की आम्ही त्याचा नियमच केला. विषयाशी आपला संबंध असेल तर आधी सांगायचा. माझा कांदा आहे, माझा भाऊ दुबईला आहे, माझ्या दुकानात ही औषधं विकली जातात. संबंध असला म्हणून मत हलकं होत नाही, उलट ऐकणाऱ्याला ते नीट तोलता येतं.

निर्णय कुणाच्या हातात आहे हेही प्रत्येक वेळी शोधा, नाहीतर आपण महापालिकेला शिव्या घालत बसतो आणि विषय दिल्लीचा असतो. कांद्याची निर्यात केंद्राच्या हातात. एनडीपीएस कायदा केंद्राचा, पण पोलीस आणि दवाखाने राज्याचे. दुसऱ्या देशाशी करार मंत्रिमंडळ करतं, त्याला आपल्याकडे संसदेची आधी मंजुरी लागत नाही, करारासाठी कायदा बदलायचा असेल तर मात्र संसदेत जावं लागतं. हे कळलं की चर्चेनंतर पत्र लिहायचं झालं तर कुणाला लिहायचं तेही कळतं. आम्ही आमच्या खासदारांना कांद्याच्या विषयावर एक पानी पत्र दिलं, त्यात फक्त झालंयमधल्या तारखा आणि दादाचं व्हावं होतं, बाकी काही नाही.

वेळेचं सांगतो. प्रत्येकाला एका वेळी तीन मिनिटं, मोबाईलवर टायमर, टायमर सगळ्यात लहान माणसाकडे द्यायचा, म्हणजे मोठ्यांना थांबवायची हिंमत त्याला येते आणि मोठेही ऐकतात. बाया बोलायला लागल्या की मध्ये तोडायची खोड आपल्या पुरुषांना फार आहे, ती स्पष्ट दाखवून द्या, लाजायचं नाही. आवाज चढले तर कुणाला समजावत बसू नका, सरळ विचारा, "हे वाक्य कुठल्या रकान्यात?" शंभरातल्या नव्वद वेळा बोलणारा स्वतःच थांबून विचार करतो. पक्षाचं नाव घ्यायला बंदी नाही, पण "तुम्ही लोक" हा शब्द बंद. समोर काका बसलेत, दादा बसलाय, "तुम्ही लोक" कुणीच नाहीये.

व्हॉट्सॅप ग्रुपवर चर्चा करू नका. तिथे फक्त पुढच्या रविवारची ओळ, वाचायच्या दोन-तीन लिंक आणि कोण चहाचं बघतंय तेवढं. आम्ही एकदा ग्रुपवर रात्री अकराला वाद घातला, दोघं जण सहा आठवडे आले नाहीत. चेहरा दिसत असला की माणूस निम्मं बोलणं गिळतो, आणि ते गिळलेलं बरंच असतं.

शेवटची दहा मिनिटं वहीसाठी ठेवा. प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, आज माझं कुठलं वाक्य एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं किंवा खोडलं गेलं. मत बदललंच पाहिजे असं नाही. कुणी लिहितं "काही नाही", तेही चालतं. आणि होईलमधल्या वाक्यांपुढे तारीख टाका, कधी परत बघायचं ती, कारण अंदाज खरा ठरला का हे आपण कधी मागे वळून बघतच नाही.

त्या गोळीच्या पानावर होईलच्या रकान्यात काकांच्या अक्षरात अजून लिहिलेलं आहे, "तपासणी सुरू झाली तर घेणारे वाढतील." त्याच्या शेजारी पोरीच्या अक्षरात, "घेणारे तेवढेच राहतील, दवाखान्यात जाणारे कमी होतील." खाली दोघांच्या सह्या आणि लिहिलंय, न्यू साउथ वेल्सच्या चाचणीचा अहवाल मिळाला की परत बसायचं. पानाचा कोपरा काकांनी दुमडून ठेवलाय.